लाल चिमटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या श्रीकांतला तर नाहीच. तो मागच्या श्रावणात गेला. आता सांगतोय — आता, म्हणजे त्याला ऐकू येणार नाही तेव्हा.

सुरुवात कुठून करू? एरंडेलाच्या वासापासून करतो. आमच्या विमानांच्या इवल्या इंजिनांना लागणाऱ्या इंधनात एरंडेल मिसळलेलं असे. रविवारी संध्याकाळी घरी आलो की शर्टाला तो वास यायचा आणि आई नाक मुरडायची. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायचो, श्रीकांत डोंबिवलीत. कोपरला खाडीच्या बाजूला रामाकाकांची शेतं होती. भात कापून झाला की ती कोरडी, मोकळी पडत, आणि आम्ही तिथे रेडिओवर चालणारी हातभर लांबीची विमानं उडवायचो. काका बांधावर बसून ओरडायचे, "काय रं पोरांनु, आज इमान उरवनार का पारनार?"

प्रश्न मला असायचा. श्रीकांतचं विमान पडत नसे.

विमान चालवायचे आमच्या दोघांचे हातातले ट्रान्समीटर एकाच लहरीवर चालत. एकाचं विमान हवेत असताना दुसऱ्याने आपला चालू केला, तर वरचं विमान कुणाचंच ऐकत नाही. म्हणून आमच्यात एक लाल चिमटा होता, कपडे वाळत घालायचा. तो ज्याच्या एरियलला, त्यानेच बटण लावायचं. नियम श्रीकांतचा, चिमटा माझ्या आईचा.

हल्ली बातम्यांत लष्करी ड्रोन दिसतात. पुतणी विचारते, "काका, तुम्ही पण असंच उडवायचात ना?" मी हो म्हणतो. पण असंच कुठे? ड्रोन चालवणारा बंद खोलीत बसून विमानाच्या डोळ्याने खाली बघतो. आम्ही उन्हात उभे राहून, मान दुखेपर्यंत, वर बघायचो. विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं व्हायचं, ते अंगात मुरायला वर्षं लागायची. आणि आम्हाला कुणाला इजा करायची नव्हती —

हे वाक्य मला पुरं करता येत नाही.

ड्रोन पाडायला गोळीच लागते असं नाही म्हणे. त्याचा सिग्नल बिघडवला तरी पुरतं. हे मला कुणी शिकवायला नको होतं.

त्या रविवारी माझं विमान सकाळीच मोडलं होतं. श्रीकांतला हवाई दलाच्या निवडीसाठी बोलावणं आलं होतं आणि तो ते सगळ्यांना सांगत होता — बढाई नव्हती ती, आनंद होता. त्याचं पिवळं विमान खाडीवरून वळून येत होतं. काकांची मान वर, त्याची मान वर. माझा ट्रान्समीटर मांडीवर होता. चिमटा त्याच्याकडे होता.

मी बटण लावलं. चुकून नाही. लावलं, आणि लगेच बंद केलं.

विमान थरथरलं आणि नाक खाली घालून सरळ बांधाकडे आलं. काका उठेपर्यंत पंखा त्यांच्या कपाळाला लागला होता.

टाके पडले. काका म्हणाले, "पोराचा हात सुटला, त्याला कोन काय करील?" श्रीकांत रडत होता. "माझा हात चुकला," एवढंच म्हणत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो. तोच हात.

निवडीला तो गेलाच नाही. जा म्हणून घरच्यांनी समजावलं, मीही समजावलं — हो, मीही. तो पुन्हा कधी विमानाला शिवला नाही. एका कचेरीत नोकरी केली, संसार नीट केला, माझ्या प्रत्येक अडचणीला धावून आला.

शेवटच्या आजारपणात मी त्याच्याजवळ बसायचो. एकदा टीव्हीवर ड्रोन दाखवत होते. तो बराच वेळ बघत राहिला, मग आपले वाळलेले तळहात उलटसुलट करत म्हणाला, "बरं झालं रे, मी गेलो नाही. तिथे हात चुकला असता तर?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी त्याची उशी सारखी केली आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

त्याचा हात चुकला नव्हता.