नमुन्याचे हात

आमच्या कारखान्यात काय काय चुकतंय ते अन्न खात्याच्या साहेबांनी नोटिशीत नीट लिहून दिलं होतं. जांभ्या दगडाची भिंत उघडी, तिच्या भोकांत धूळ साचते. दिव्यांना झाकण नाही. खिडकीची जाळी फाटकी. हे सगळं मला कबूल होतं. शेवटचा मुद्दा मात्र माणसांचा होता. आंबे सोलायच्या टेबलाखाली हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला होता. साहेबांनी तो स्वतः वाकून उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हा डब्यात गेला असता तर?" एवढंच विचारलं. आवाजसुद्धा चढवला नाही, त्यामुळे मला भांडताही येईना.

महिन्याभरात पुन्हा ऑडिट होणार होतं. तोवर सुधारणा दिसली नाही तर परवाना स्थगित. आमचा धंदा आंब्याचा रस डबाबंद करायचा. पेटीतून मुंबईला जातो तो आंबा वेगळा. मागे राहतो तो कॅनिंगचा आंबा, तो आमच्याकडे येतो, आणि तो कोणासाठी थांबत नाही. ऐन मे महिन्यात परवाना गेला असता तर शेडमधला सगळा माल डोळ्यांदेखत सडला असता आणि पुढच्या वर्षी कुलूप उघडायला आम्ही उरलो नसतो.

नवऱ्याने कागदांचं काम घेतलं, मी भिंतींचं आणि माणसांचं. माझा स्वभाव तापट आहे, माणसांचं काम खरं तर त्यानेच घ्यायला हवं होतं. पण त्याला बायकांना 'बांगड्या काढा' म्हणायची लाज वाटत होती.

मी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं आणि सांगितलं, उद्यापासून हातात काही नको. बायका एकमेकींच्या हातांकडे बघायला लागल्या. आपल्याकडे बांगडी फुटली असंसुद्धा कोणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात, आणि मी तर सरळ उतरवा म्हणत होते. मग मी आधी माझ्या काढल्या, साबण लावून, सगळ्यांसमोर. नवरा दारातून म्हणाला, "माझ्या आयुष्याची काही काळजी आहे की नाही?"

"तुम्ही कुठे समुद्रात निघालात? तुमची धाव पालीच्या बाजारापर्यंत."

बायका हसल्या, आणि हसता हसता एकेकीने साबण हातात घेतला. बांगड्या डब्यांत गेल्या, डब्यांवर नावं पडली. एक तेवढी हसली नाही आणि साबणाकडेही गेली नाही.

आमच्याकडे एका घरच्या सासू-सून दोघी कामाला होत्या. सून टेबलावर आंबे सोलायला, सासू मागच्या अंगणात कोकमं फोडायला. सुनेचा नवरा मासेमारीच्या लाँचवर खलाशी. न हसलेली ती हीच सून. मी तिला बाजूला घेतलं तर म्हणाली, "वयनी, मी नाय उतरवायची. माणूस पाण्यावर हाय माजा."

मी चार दिवस गेले की ऐकेल म्हणून सोडून दिलं. पण पावसाळ्याची मासेमारीबंदी लागायच्या आधीच्या त्या शेवटच्या फेऱ्या. लाँच यायची, मासळी उतरवायची, बर्फ भरून परत जायची. माणूस काही जमिनीवर टिकेना आणि बांगड्या काही उतरेनात. इकडे भिंतीला गिलावा झाला, जाळ्या बदलल्या, पाण्याचा रिपोर्ट आला. सगळ्यांना डॉक्टरांनी तपासून झालं. माझी झोप मात्र तिच्या मनगटाभोवती अडकली होती.

ऑडिटच्या आदल्या दिवशी वारं फिरलं. बंदरावर धोक्याचा बावटा लागला. बाकीच्या लाँची आत आल्या, हिच्या नवऱ्याची आली नाही. फोन लागत नव्हता. ती सोलत होती आणि दर दोन आंब्यांनी दाराकडे बघत होती. अशा बाईला मी काय सांगणार? आणि न सांगून तरी कसं चालणार? घरी बस म्हणावं तर टेबलावर एक माणूस कमी, आणि काम पूर्ण चालू असताना बघणार असं साहेबांनी कळवलेलं. नवीन कोणाला उभी करावी तर तिची डॉक्टरी तपासणी नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"लांब हातमोजे घाल कोपरापर्यंत," नवरा म्हणाला.

"मोजे फाटतात, हे साहेबांनीच सांगितलंय," मी त्याच्यावर ओरडले. मग तिच्याकडे वळले. "बांगड्यांनी लाँच तरते होय गो?"

पुढचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिच्या सासूचा नवराही समुद्रावरच गेला होता. होडी मिळाली, माणूस मिळाला नाही. त्या बाईने काय बांगड्या कमी घातल्या होत्या? पण ते मी गिळलं, कारण सासू माझ्या मागेच कोकमाची टोपली घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. टोपली ठेवून ती निघून गेली.

सकाळी मी शेड उघडायला गेले तर सासू माझ्या आधी दारात. आत येऊन तिने टोपी चढवली, ॲप्रन बांधला, हात धुतले आणि सुनेच्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिचीही डॉक्टरी तपासणी झालेली होती आणि मागचं अंगण ऑडिटात येत नव्हतं, हे मला सुचलंच नव्हतं.

"तिला मागं कोकमांवर बसवा," ती म्हणाली. "हितं मी करतंय."

"मावशी, लाँचचं काही कळलं?"

"नाय." तिने आंबा उचलला. "म्हणून तर म्हणतंय. तिच्या हातांना आज कोनी हात लावू नका."

साहेब आले. दिवे बघितले, जाळ्या ओढून बघितल्या, गिलाव्यावरून बोट फिरवून बोटाकडे बघितलं. मी त्यांच्या मागे, नवरा माझ्या मागे फायली छातीशी धरून. ते टेबलापाशी आले आणि म्हणाले, "हात दाखवा." बायकांनी हात पुढे केले. सगळ्यांच्या मनगटांवर बांगड्यांचे फिके वळ होते. एकीच्या हाताला काळा दोरा राहिला होता, तो त्यांनी तिथेच कापायला लावला.

सासूचे हात त्यांनी उलटसुलट करून बघितले. मनगटापासून कोपरापर्यंत एक वळ नाही, दोरा नाही, काही नाही. साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला.

"हे बघा," ते बाकीच्यांना म्हणाले. "असे हात पाहिजेत. मावशी, कधीपासून सवय केलीत?"

"लय वर्सं झाली, सायेब," ती म्हणाली. "लेक पाळन्यात होता माजा."

"वा," ते म्हणाले आणि खिशातून मोबाईल काढून तिच्या हातांचा फोटो घेतला. टेबलावर एकही सुरी हलत नव्हती. साहेबांना वाटलं असेल, बायका शिस्तीत आहेत. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि मी हसून मान डोलावत होते. परवाना टिकवायचा होता ना.

टिकला. घोडं गंगेत न्हालं. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मी गोदामात जाऊन रिकाम्या क्रेटवर बसून रडले. नवरा पाणी घेऊन आला, त्याला वाटलं आनंदाने रडते आहे.

दुपार कलल्यावर सुनेचा फोन वाजला. लाँच वाऱ्यामुळे जयगडच्या खाडीत शिरली होती, माणसं सगळी ठीक होती. ती कोकमाच्या लाल हातांनी धावत आत आली. सासू टेबलावरच होती. तिने विचारलं, "तू सोता आवाज आयकलास त्याचा?"

"आयकला."

मग तिने सुरी खाली ठेवली. तोवर ठेवली नव्हती.

बंदी लागली, लाँच किनाऱ्याला ओढली, सुनेचा नवरा घरी आला. दुसऱ्या दिवशी सून आपणहून साबण घेऊन बसली. "आता काय, माणूस घरात हाय," म्हणाली आणि हिरव्या बांगड्या एकेक करून डब्यात ठेवल्या. मोसम संपेपर्यंत टेबलावर तीच होती.

त्याच आठवड्यात साहेबांनी तो हातांचा फोटो माझ्या नवऱ्याच्या मोबाईलवर पाठवला. हात धुवायच्या जागेवर लावा, कामगारांना नमुना राहील, असं खाली लिहिलं होतं. नवरा लगेच शहरात जाऊन मोठा करून, प्लास्टिकमध्ये घालून घेऊन आला. मी म्हणाले, ते लावायचं नाही. तो म्हणाला, पुढच्या वेळी विचारतील. विचारू देत, मी म्हणाले. आमचं असं चाललेलं असताना सासू आत आली. फोटो हातात घेऊन तिने प्लास्टिकवरून बोट फिरवलं.

"माजेच ना? लावा की," ती म्हणाली. "सायबांनी सांगितलाय तर लावा. फकस्त सुनेच्या नजरेसमोर नको."

हात धुवायची जागा आमच्याकडे एकच आहे. फोटो अजून माझ्या कपाटात आहे.