संपतचा शनवार

संपत गेला बेस्तरवारी दुपारी. गावात कळायला येळ लागला न्हाई, आमच्या दारात तसंबी कवाधरनं मानसं बसून हुतीच. मातीला तर वाटंत पाय ठेवायला जागा न्हवती. सांगलीचं त्येच्या हाफिसातलं लोक, तासगावचं पावनं, माज्या म्हायेरचं वडूजकडचं... जी ती बाई मला जवळ घिऊन म्हनायची, काकी, किती मानसं जोडल्याली बगा तुमच्या लेकानं. मी नुसती मान हलवायची. मनात येयाचं, लेकरा, ह्या गर्दीत तुला घटकाभर बसवलं नसतं. मागल्या दारानं हळूच निघून गेला आसतास.

माजी नात पूजा, संपतची लेक, कालिजात शिकती. ती म्हनली, आज्जी, पेपरच्या पुरवनीत लोक गेलेल्या मानसाबद्दल लिवत्यात, तू सांग, मी लिवून घेती. मी दुसरीपातुर शाळंत गेलेली. म्हनलं, मी बोलती तसंच लिव, सुदारायचं न्हाई.

संपत पोटात आसतानाच त्येचा बा हिरीच्या कामावर दरड पडून गेला. मी दुसऱ्याच्या द्राक्षबागंत जायाची, सुगी आली की बेदान्याच्या शेडात. बेदान्याचं शेड म्हंजी वर पत्रा, चारी अंगाला हिरवी जाळी, आन् मदी तारंच्या रॅका एकावर एक. त्येच्यावर द्राक्षं वाळत घालायची. आमी बायका काड्या खुडत बसायचो, आन् तोंडाचा पट्टा चालू. बाकीच्यांची पोरं आमच्यातच लोळायची. संपत तेवडा पार पल्याडच्या टोकाला, शेवटच्या रॅकंखाली जाऊन बसायचा. भुकंला बी हाक मारायचा न्हाई. बायका म्हनायच्या, आगं, पोरगं मुकं हाय का बग तरी. मुकं न्हवतं. सांजचं घरी आलो, दिवा लावला, की दोगंच आसताना हळूहळू बोलायला लागायचा. दिसभर बायका काय काय बोलल्या ते समदं त्येला ठावं आसायचं.

असला मानूस, आन् नशिबानं नोकरी लागली ती सांगलीच्या सरकारी हाफिसात खिडकीवर. दिसभर म्होरं रांग. उतारा द्या, दाखला द्या, सायेब कवा येनार, कालबी आल्तो... समद्यांशी नीट बोलायचा. रागं भरल्यालं कुनी ऐकलं न्हाई. पर घरात आला की हातपाय धुवायचा आन् भिताडाकडं तोंड करून पडायचा. एकदा म्हनला, आये, मला कामाचं काय वाटत न्हाई गं, पर सांज झाली की वाटतंय आंगातलं समदं सांडून गेलं. मला त्ये कळलं. माजा बा मेंढरं राखायचा, त्योबी तसाच हुता. पर त्येला रानात कोन बोलायला हुतं.

तवा हाफिसाला सुट्टी यकच, आयतवारची. फकस्त दुसरा-चौथा शनवार मिळायचा, त्या दिशीबी कायबाय काम काडून बोलवायचं. आन् आयतवार काय आपला आसतोय व्हय? लगनं आयतवारी, बारसं आयतवारी, कुनाची पोरगी बगायला जायाचं त्येबी आयतवारी. भावकीत यक शिकल्याला मानूस, तवा बैठकीला संपत पायजेच. त्यो जायाचा. पत्रावळीवर मुकाट जेवायचा, आन् लोक म्हनायचं, सायेबाला गर्व हाय. मंगलला, म्हंजी माज्या सुनंला, त्ये लय लागायचं. ती खंडाळ्याकडची, बोलकी, चार मानसात उठून दिसनारी. नवीन लगीन झाल्यालं तवा मला म्हनली, "आत्या, ह्यांचं माज्यावर मनच न्हाई. इळभर हाफिसात बोलत्यात, माज्यासाठी यक शब्द उरत न्हाई." लय रडली. मी काय सांगनार. उरत न्हाई त्ये खरंच हुतं की.

मग सरकारनं पाच दिवसाचं हाफिस केलं. रोज सकाळी थोडं लौकर, सांजचं थोडं उशिरा, पर शनवार-आयतवार दोन्ही सुट्टी. मंगल यवडी हरकली. पयल्याच शनवारी पाचगनीला जायाचं ठरवलं, पूजाला घिऊन. संपत गेला. न्हाई म्हनायचा त्येचा सोभावच न्हवता. थितं गर्दी, घोडी, फुटू काडनारं, मक्याची कनसं... ह्यो नुसता मागनं चालला. घरी आलं ती तिगंबी गप. मंगलनं पिशवी आपटली आन् आत गेली. संपत माज्यापशी येऊन बसला. म्हनला, आये, तिला नाराज केलं मी. पर मला यक दिस कुनी बोलायचं नसलं, तर दुसऱ्या दिशी मी मानसात येतो. यक दिस पुरंल.

त्येच्या नोकरीवर आमी घरामागं सोताचं बेदान्याचं शेड घातलं हुतं. सुगी सोडली तर वरीसभर रिकामंच. म्होरच्या शनवारी म्या थितं खाट टाकली. सुगीच्या दिसात जागा झाली न्हाई की तीच खाट रॅकंच्या टोकाला सारायची. सकाळी च्या पिऊन त्यो थितं जाऊन बसायचा. मी शेंगा घिऊन बसायची, बियाण्यासाठी फोडायला. त्योबी फोडू लागायचा. जाळीतनं हिरवा उजेड पडायचा, पाकरं यायची. दुपार व्हायची, सांज व्हायची, दोगंबी काय बोलायचो न्हाई. मला त्येचा कदी कंटाळा आला न्हाई.

आन् आयतवारी ह्योच मानूस उठून मंगलला म्हनायचा, चल, बाजारला जाऊ. लगनात जायाचा, म्हाताऱ्यांची चेष्टा करायचा. वरीसभरानं तीच पाचगनी, पर आयतवारी गेली. परत आल्यावर मंगल मला म्हनती कशी, "आत्या, येष्टीत सगळ्या वाटनं बोलतच हुतं. मला डुलकी बी घिऊ दिली न्हाई. तुमच्या लेकाला आता आवरा." आन् त्वांडावर पदर धरून हसली. तवापासनं तिनंच संपतला सांगून ठेवलं, शनवार तुमचा, आयतवार माजा. भावकीतलं कुनी शनवारी हाका मारत आलं की मी दारातच आडवायची. "सायेब झोपल्यात व्हय काकी?" म्हनून टोमनं मारायची पोरं. मी म्हनायची, व्हय, झोपलाय. उद्या ये.

मग पोटात दुकायला लागलं. मिरजंच्या दवाखान्यात गाठ निगाली. लय हाल काडलं त्येनं, पर तोंडातनं आवाज न्हाई. शेवटी डागदर म्हनलं, आता घरी न्या. आन् घरी आनला त्या दिसापासनं मानसं सुरू झाली. आपल्याकडं रीतच हाय, आजारी मानसाला भेटायला जायाचं, त्येच्या उशाला बसायचं. बिस्किटाचं पुडं, शहाळी, टेंपो भरभरून मानसं. माजा धाकला दीर आबा, मिलट्रीतनं आल्याला. त्येचा पुतन्यावर लय जीव. त्येनं भावकीत पाळ्याच लावल्या. म्हनला, वैनी, फिकीर मत करो, समद्यांची ड्यूटी लावलीया, पोराला यक मिनिट एकटा सोडायचा न्हाई. कुनाचंबी काय चुकत न्हवतं. मायेनंच येत हुती. उशाला बसून उसाचं बोलायची, पान्याचं बोलायची, त्येला हसवायला बगायची. संपत जो आला त्येला मान हलवायचा, बोलायचा दोन शब्द. आन् रोज सांजचं मला त्यो आजून वाळल्यागत दिसायचा. मी वळखलं, ह्यो खिडकीवरच बसलाय आजून. रांग काय हटंना.

यका सांजला खोली भरल्याली आसताना त्येनं मला खुनंनं जवळ बोलवलं. इचारलं, "आये, आज वार कंचा?"

"सुक्कीरवार."

त्यो माज्याकडं बगतच ऱ्हायला.

सकाळी उठून म्या आन् मंगलनं त्येला शेडात नेला. पूजानं खाट लावली. उचलला तर हाताला वजनच लागलं न्हाई... जाळीला जुनं लुगडं आडवं बांदून मी दारात बसली. पयली पाळीवाली आली, तिला परत लावली. दुसरी आली, ती रागानं गेली. मग आबा आला. म्हनला, "वैनी, तुमाला समजतंय का? मानूस जायाच्या वाटंवर हाय. आशा येळंला त्येला एकटं टाकत्यात व्हय?"

मी म्हनलं, "आबा, आज त्येला सुट्टी हाय."

आबा उभाच ऱ्हायला. मग जाऊन म्होरच्या लिंबाखाली बसला, ताठ, जसा मिलट्रीत फाटकावर उभा आसायचा तसा. येनाऱ्या परतेक मानसाला त्योच सांगाय लागला, आज भेट न्हाई, उद्या या. लोक म्हनलं आसतील, म्हातारी कडू झाली आन् आबाबी. म्हनू देत.

मग मी आत गेली. आत आमी चौगं. मी शेंगा फोडत हुती. मंगल त्येच्या पायापशी बसली. जी बाई भाकरी थापताना बी बोलती, ती त्या दिशी सकाळपासनं सांजपातुर यक शब्द बोलली न्हाई. नुसता त्येच्या पायावर हात ठेवून बसली. संपतनं डोळं मिटून घेतलं, पर निजला न्हवता. मदीच हात लांबवून दोन शेंगा घेतल्या, फोडायला जमल्या न्हाईत, तशाच मुठीत धरून पडला. ऊन कलंडल्यावर म्हनला, आये, बरं वाटलं. मग मंगलकडं बगून म्हनला, उद्या आयतवार.

आन् आयतवारी खरंच त्यो मानसात आला. उशाला टेकून बसला, समद्यांना आत घ्या म्हनला. आबाला म्हनला, "आबा, त्ये बर्फातल्या खेचराचं सांगा की." आख्ख्या गावाला पाठ आसल्याली गोष्ट. आबानं रडत रडत सांगितली, आन् संपत जितं हसायचं थितं बरोबर हसला. दुपारी मंगलशी दार लोटून बोलला. काय बोलला ती सांगत न्हाई, मी इचारत न्हाई.

सोमवारपासनं वाचा बसली. बेस्तरवारी खोली भरल्याली आसतानाच गेला. शनवार दोन दिसांवर हुता. माजं दुसरं काय मागनं न्हवतं देवाकडं. नवरा नेला, म्हातारपनी लेक नेला, तेबी सोसलं. पर अजून यक शनवार द्यायला काय हुतं...

आता सुगी आलीया. म्होरच्या आठवड्यात बायका यायच्या, रॅका भरायच्या. जागा पायजे म्हनून काल खाट काडली. औंदा टोकाला सारायची गरज न्हाई. खाटंच्या पायांनी सारवल्याल्या भुईत चार खळगं पडल्यात. मंगल म्हनली, आत्या, बुजवू का? मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. तिनं खळगं सोडून बाकीची भुई झाडली.

आज शनवार हाय. आमी तिगीजनी हितंच शेडात भुईवर बसलोय. मी सांगती, पूजा लिवती. सकाळधरनं पोरीनं मान वर केली न्हाई, यक शब्द बोलली न्हाई. डोळ्यातनं पानी कागदावर पडतंय, त्ये बोटानं पुसती आन् म्होरं लिवती. थांबूया का म्हनून ती इचारायची न्हाई, बापावर गेलीया. तवा मीच आता गप बसती.