व्याह्यांची रायफल

बोरीवलीत डॉक्टर प्रधानांकडे दात दाखवायला जाणाऱ्याला आधी एका परीक्षेला बसावं लागे. आपण खुर्चीत बसून तोंड उघडलं, की डॉक्टर कोटाच्या खिशातून दारू काढून टाकलेली दोन काडतुसं काढत, काचेच्या फळीवर शेजारी शेजारी उभी करत आणि विचारत, "यातलं हरणाला कुठलं?" तोंडात आरसा घातलेला माणूस काय बोलणार? तो बोटाने दाखवी. बहुतेक सगळे एकच दाखवत: वर निमुळतं होत गेलेलं, बाटलीसारखी मान असलेलं, टोकदार आणि देखणं. पन्नास-एक्कावन्न साली मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही तेच दाखवलं. "वाट लागली," म्हणाले आणि त्यांनी माझी दाढ काढली. ती कधी निघाली हे मला कळलं नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

मग मी कापूस दातांखाली धरून मुकाट बसलो आणि डॉक्टरांनी मला दुसऱ्या काडतुसाचं महत्त्व समजावून सांगितलं. ते दिसायला अगदीच सामान्य होतं. बुडापासून तोंडापर्यंत सरळ पितळेची नळी आणि वर जाड, बोथट गोळी. डॉक्टर म्हणाले, "ही मानवाली फार पळते रे. लांबचं मारायला झकास. पण आपल्या रानात लांबचं दिसतंय कुठे? कारवीची काडी आडवी आली तरी ही वाट सोडते, नाहीतर आरपार जाते आणि हरीण पोटात भोक घेऊन दोन डोंगर पळतं. ही सरळवाली मंद आहे, जड आहे. पण जिथे लागली तिथे बसवते." दात असो नाहीतर हरीण असो, त्याला कळता कामा नये, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान होतं.

त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. माझ्यापेक्षा ते वीसेक वर्षांनी मोठे, पण पेशंट नसला की मला हाक मारत. रायफल घेण्याआधी त्यांनी काय काय उद्योग केले होते ते मी त्यांच्याकडूनच ऐकलं. मित्रांच्या रायफली मागून आणायच्या, ओल्या गोणपाटांची चळत रचायची, पुढे कारवीच्या काड्या रोवायच्या आणि गोळ्या झाडून गोणपाट उसवत बसायचं. सगळा हिवाळा त्यात गेला, तेव्हा कुठे त्यांनी सरळ काडतुसाची रायफल पसंत केली. तिची गोळी लांबवर गेली की खाली पडे, म्हणून लोक नाकं मुरडत. डॉक्टर म्हणत, "मग जवळ जा ना. पाय नाहीत का तुला?"

तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. घोडबंदरच्या पुढच्या रानात मी त्यांच्याबरोबर पुष्कळदा गेलो. खरं सांगायचं तर आम्ही बहुतेक वेळा रिकाम्या हातानेच परत यायचो. जनावर पुरेसं जवळ नाही, आडवं उभं नाही, मध्ये फांदी आहे, अशी काही ना काही हरकत निघायचीच. मी चिडायचो. ते शांतपणे डब्यातला सोडे घातलेला भात पुढे करत. आणि त्यांचा एक नियम असा होता, की जखमी जनावर सोडून घरी जायचं नाही. तशी वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

डॉक्टरांना बायको नव्हती. ती लवकर गेली. एकुलती एक मुलगी शालू. शालू हसायला लागली की दवाखान्यात बसलेले सुजलेल्या गालांचे पेशंटसुद्धा हसत. तिचं लग्न अंधेरीच्या सबनीसांच्या मुलाशी ठरलं. घर चांगलं, मुलगा शिकलेला, आणि वर सबनीस स्वतः शिकारी. डॉक्टर हरखून गेले होते. "जातीचं तर मिळालंच रे, पण छंदाचंही मिळालं," असं मला दोनदा सांगितलं त्यांनी.

साखरपुडा झाला. त्यानंतरच्या एका रविवारी दोघा व्याह्यांनी शिकारीला जायचं ठरवलं; बरोबर होणारा जावई आणि मी. दुपारी डॉक्टरांच्या घरी जेवण होतं. रानाच्या तोंडाशी सबनीसांनी जीपमधून आपली नवी रायफल काढली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

"प्रधानसाहेब, आज ही तुम्ही चालवायची. पहिला बार तुमचा. आपल्या नात्याची सुरुवात माझ्या रायफलीनं होऊ द्या."

डॉक्टरांनी काडतूस पाहिलं. ते मानवालं होतं.

"सबनीससाहेब, माझ्या हाताला माझीच बरी असते हो."

"आता तुमचं-माझं काय राहिलं? का आमची रायफल कमी पडते तुम्हाला?" सबनीस हसत म्हणाले, पण ते हसणं फारसं हसण्यातलं नव्हतं.

डॉक्टरांनी आपली रायफल माझ्याकडे दिली. हळूच म्हणाले, "मुलीचा बाप आहे मी. नाही कसं म्हणू?"

व्याह्यांचा मान राखायचा म्हणून आपण पाटावर नको तेवढं जेवतो, नको ती टोपी घालून मिरवतो. तसाच हाही मान होता. तासाभराने कारवीच्या आडून एक चितळ पुढे आलं. डॉक्टर थांबले. सबनीस मागून कुजबुजले, "अहो, मारा की!" डॉक्टरांनी चाप ओढला. चितळ कोलमडलं, उठलं आणि निघून गेलं. आम्ही धावलो. कारवीची एक काडी मधोमध तुटली होती आणि पाल्यावर रक्त होतं.

डॉक्टर मागावर निघाले. सबनीस म्हणाले, "कुठे जाता? घरी जेवण खोळंबलंय. एक गेलं म्हणून काय झालं, रानात काय कमी आहेत?" डॉक्टर म्हणाले, "जखमी आहे हो ते." सबनीस म्हणाले, "मरेल आपोआप." आणि ते जीपमध्ये जाऊन बसले. होणारा जावई क्षणभर घुटमळला, मग तोही बापामागून गेला. आमच्याशिवाय ते डॉक्टरांच्याच घरी जेवले. शालूने वाढलं.

आम्ही दिवस मावळेपर्यंत फिरलो. ओढ्यापाशी रक्त संपलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला आणि आम्ही पुन्हा गेलो. गिधाडं उतरत होती, त्यावरून जागा सापडली. डॉक्टर बराच वेळ उकिडवे बसून राहिले. परतताना मी म्हणालो, "डॉक्टर, लग्नाचा पुन्हा एकदा विचार करा."

"साखरपुडा झालाय रे. आता मोडलं तर पोरीलाच नावं ठेवतील. आणि रानातला माणूस वेगळा, घरातला वेगळा."

ते स्वतःची समजूत घालत होते, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार. लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं.

दुसऱ्या वर्षी शालूला खोकला लागला, मग ताप. छातीचं दुखणं निघालं. सबनीसांनी तिला ट्रंकेसकट बोरीवलीला आणून सोडलं. म्हणाले, इथली हवा चांगली. त्यानंतर ना सासरा आला, ना नवरा. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ तिच्या उशाशी बसत, दुपारी दुसऱ्यांचे दात बघत. शालू दर रविवारी वेणी घालून घेई आणि फाटकाकडे तोंड करून खाट लावायला सांगे. मला ते अजून आठवतं आणि अजून राग येतो. ती गेली तेव्हा सबनीस मात्र दहाव्याला वेळेवर हजर होते.

डॉक्टरांनी रायफल सरकारजमा केली. दवाखान्यातली परीक्षा बंद झाली. सांत्वनाला कोणी देवाची इच्छा वगैरे म्हणालं, की ते ऐकून घेत. एकदा फक्त मला म्हणाले, "जखमी जनावर टाकून जेवायला गेलेला माणूस मी या डोळ्यांनी पाहिला. आणि त्याच्या घरात पोरगी दिली."

पुढे माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, चेंबूरच्या एका मुलाशी जमत आलं. पत्रिका जुळली, देणंघेणं ठरलं. डॉक्टर तोवर कुणाकडे जाईनासे झाले होते. पण ही बातमी ऐकून आपण होऊन आले आणि मुलाचा पत्ता मागून घेतला. दुसऱ्या दिवशी ते एकटेच चेंबूरला गेले, मुलाच्या शेजाऱ्यांकडे चहा पीत बसले, आणि तिन्हीसांजेला परत आमच्या ओटीवर येऊन टेकले.

"दे तिला," म्हणाले. "त्याचे आजोबा वर्षभर अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं या पोरानं केलं. शेजारीण सांगत होती, रात्रपाळी करून आला तरी आधी म्हाताऱ्याची चादर बदलायचा."

आई आत जाऊन चहा घेऊन आली. मी म्हटलं, "डॉक्टर, एवढ्या लांब कशाला त्रास घेतलात? मी गेलो असतो."

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "चेंबूरला गेलो मी. अंधेरी तर इथल्या इथे. शालूसाठी तेवढंही गेलो नाही रे."