तुमचे दादा पडद्यावर चालले तेव्हा

वन्सं, या, अशा जवळ सरकून बसा. पत्राच्या कागदावरच बसा, दुसरं काय करणार, तुम्ही चंदगड सोडून हलायच्या नाही. दिवाळीला येते म्हणालात, आला नाहीत. आता उन्हाळाही सरत आला. ऐका तरी.

आपली नात कॉलेजात गेम बनवायला शिकते. तिला आणि तीन मैत्रिणींना मिळून एक गेम करायचा होता. एकीनं रस्ते-घरं घेतली, एकीनं आवाज, एकीनं ते सगळं चालवायचं गणित. हिनं मागून घेतला तो फक्त माणूस. त्याला कॅरेक्टर डिझाईन म्हणतात. मी म्हटलं, एका माणसाला एवढे महिने? तर म्हणते, "बाईला नऊ लागतात, मग मला नकोत व्हय?"

मग माझ्याच मागं लागली. आजोबा कसे बसायचे, म्हशीच्या पुढं चालायचे की मागं. हिच्या जन्माआधी गेलेला माणूस. मला वाटलं, मायेनं विचारतेय. मीही सांगत सुटले. म्हशी घेऊन गंगावेशीच्या कट्ट्यावर जायचे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ पेला हातात द्यायचे. बादली वाहून वाहून डावा खांदा उतरलेला. आणि धारेला बसण्याआधी म्हशीच्या पाठीवर हात ठेवायचे, परवानगी मागितल्यासारखा.

परवा मैत्रिणी घरी आल्या होत्या. नातीनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. वन्सं, त्यात तुमचे दादा चालत होते. तोच खांदा, तीच चाल, म्हशीच्या मागं. माझा हात आपोआप वर गेला आणि मी डोक्यावर पदर घेतला. तेवढ्यात कुठूनशी मोटार आली आणि ते आडवे झाले. पोरी हसल्या. ते परत उठले, परत आडवे. खरोखर गेले तेव्हा मला कसं सावरावं लागलं ते तुम्हाला ठाऊक. मी म्हटलं, "चेहरा बदल त्यांचा. ह्यांना परत परत मरताना मी बघणार न्हाय."

नात पांढरीफटक पडली. पुढच्या आठवड्यात सरांना दाखवायचं, आणि तिचं सगळं काम त्या एका माणसात. मैत्रिणी कुरकुरल्या, मेल्याशिवाय गेम होत नाही म्हणे. मी आत जाऊन भाकरी थापायला बसले, पण एक धड होईना. जरा वेळानं ती आली, परातीशेजारी फतकल मारली आणि विचारलं, आजोबा हरले की काय करायचे?

हरले की? रस्त्याकडेला उकिडवे बसायचे, टोपीनं वारा घ्यायचे आणि म्हशीला म्हणायचे, तू हो पुढं.

"मग मी त्यांना मारत न्हाय, आजी. बसवतो."

आणि तिथंच परातीतल्या पिठात बोटानं चित्र काढायला लागली.

आता मोटार आली की ते बाजूला होऊन बसतात. मैत्रिणींनाही पटलं. एकच अडलंय. बसल्यावर ते हसले पाहिजेत, असं तिला वाटतं, आणि कसे हसायचे ते मला विचारते. काय सांगू? थोरल्यांच्या घरात नवऱ्यानं बायकोपुढं मोकळं हसायची रीत होती का? पुढंही ती सवयच राहिली, माझ्या वाट्याला मिशीतलं हसू. अंगणात तुमच्याशी खदखदून हसायचे ते मी चुलीपाशी बसून नुसतं ऐकलंय. तुम्ही बघितलंय.

पोरीचं काम खोळंबलंय, वन्सं. तुमच्या दुखऱ्या गुडघ्याचं निमित्त पुरे झालं. सकाळची एसटी धरा आणि लवकर या.