दोन महिन्यांचं जास्तीचं भाडं

मागच्या शनिवारी मॉरिसव्हिलमधल्या आम्ही भाड्याने दिलेल्या टाउनहाउसमध्ये आवराआवर करत होते... आणि स्वयंपाकघरातल्या एका ड्रॉवरने माझा सगळा हिशेब बदलला.

त्या घरात सहा वर्षं मिस लोरेटा राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या, रिटायर्ड स्कूलबस ड्रायव्हर. इथे अशा बाईंना नावाआधी 'मिस' लावूनच हाक मारतात, आणि त्याही मला 'मिस अनघा' म्हणायच्या. भाड्याचा थोडा भाग त्या द्यायच्या, बाकीचा, कमी उत्पन्नाच्या लोकांना घरभाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी व्हाउचरवर, हाउसिंग ऑफिसकडून दर एक तारखेला थेट माझ्या खात्यात यायचा.

तीन महिन्यांपूर्वी त्या आपल्या मुलीकडे ओहायोला गेल्या होत्या, तिथेच हार्ट अटॅकने गेल्या. मुलीचा, डेनिसचा, फोन आला. म्हणाली, या वीकेंडला येऊन घर रिकामं करून देते.

मी म्हटलं, अगं नको... आमच्यात तेरा दिवस तरी माणसाच्या वस्तूंना कुणी हात लावत नाही. सावकाश ये. ती रडलीच. तिने तिकीट कॅन्सल केलं. ती नर्स आहे, त्यानंतर रजा मिळाली ती थेट मागच्या आठवड्यात.

नियम असा, की भाडेकरू गेला की घरमालकाने ऑफिसला लगेच कळवायचं. तो महिना सोडून पुढचे पैसे घ्यायचे नाहीत. मला हे माहीत होतं. पण बाईंना जाऊन चार दिवस झाले नाहीत तोच ऑफिसला ईमेल करायचा, हे मला कसंसंच वाटलं. म्हटलं, तेरावा होऊ दे.

तेरावा झाला. एक तारखेला पैसे आले... फोनवर नोटिफिकेशन दिसलं. उद्या कळवू म्हटलं. त्या महिन्याचा घराचा हप्ता त्यातूनच गेला. पुढच्या महिन्यातही तेच. इथे खरं लिहायला हवं. पहिल्या वेळी संकोच होता, दुसऱ्या वेळी संकोच किती आणि सोय किती, हे माझं मलाच नक्की सांगता येत नाही.

मग ऑफिसचं पत्र आलं, मृत्यूची नोंद त्यांना सरकारी रेकॉर्डमधून कळली होती. दोन महिन्यांचे जास्तीचे पैसे तीस दिवसांत परत करा. माझ्या नवऱ्याने, समीरने, ते वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "घे. तुझ्या तेराव्याचं बिल आलंय."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. दोन महिने सामान त्यांचं पडून होतं, मग निदान मिस लोरेटांचं डिपॉझिट तरी ठेवून घे. ते डिपॉझिट म्हणजे बरोबर एक महिन्याचं भाडं. ते आता डेनिसला परत जायचं होतं. ते मी ठेवून घेते हे तिला कसं सांगायचं, याची वाक्यं मी गाडीत जुळवत होते. सामान राहू दे म्हटलं मी, आणि भाडं मागणारही मीच... तरी जुळवत होते.

शनिवारी डेनिस आली ती पर्स न ठेवता सरळ स्टोव्हजवळच्या ड्रॉवरकडे गेली. "मॉम नेहमी म्हणायची, मी गेले की सगळ्यात आधी हे उघड. मला वाटलं, रेसिपी असतील. बरं होईल, तिच्या पीच कॉब्लरची कृती ती कुणालाच सांगायची नाही!"

रेसिपी नव्हत्या. मोजायच्या चमच्यांखाली एक पाकीट होतं, स्टॅम्प लावलेलं, हाउसिंग ऑफिसचा पत्ता घातलेलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. आत एकच कागद, सही केलेला, फक्त तारखेची जागा रिकामी.

डेनिसने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मग कागद माझ्या हातात दिला. मराठीत सांगायचं तर असं होतं: 'वर लिहिलेल्या तारखेला मी वारले. माझं व्हाउचर त्याच दिवशी बंद करा. त्यासाठी मी नऊ वर्षं रांगेत होते, माझ्यामागे कोण उभं आहे ते मला माहीत आहे. माझी घरमालकीण फार सभ्य बाई आहे, ती तुम्हाला लगेच कळवणार नाही. म्हणून मीच कळवते आहे.'

मी ओट्याला टेकून उभी राहिले. आपल्या मरणाचं पत्र कुणी असं लिहून ठेवतं?... विजेचं कनेक्शन बंद करायला सांगावं तितक्या साधेपणाने? आणि पहिल्याच वीकेंडला ते पोस्टात पडलं असतं. मीच म्हटलं होतं, वस्तूंना हात लावू नको.

डेनिसने विचारलं, "मिस अनघा, काही प्रॉब्लेम झालाय का?" मी सगळं सांगितलं, ती नोटिफिकेशन्ससुद्धा. ती लगेच म्हणाली, "मग डिपॉझिट तुम्ही ठेवा." हे ऐकायलाच तर मी आले होते. पण ते पत्र हातात असताना मला हो म्हणता आलं नाही. डिपॉझिटचा चेक तिथेच लिहून दिला.

सोमवारी ऑफिसात गेले. पूर्ण रकमेचा चेक दिला, आणि डेनिसने तारीख घातलेलं ते पत्र. काउंटरवरची बाई म्हणाली, "चेक पुरेसा होता, मॅम." मग तिने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. आणि विचारलं, "ते युनिट आता रिकामं आहे? पुन्हा व्हाउचरवर द्याल?"

म्हटलं, हो, आजपासून.

समीर म्हणाला, "पत्रात तुला सभ्य म्हटलंय की, खूश हो." खूश नाही झाले... पण सहा वर्षांत ज्यांच्याशी मी मोजकं हाय-हॅलो केलं, त्यांनी मला इतकं नीट ओळखलं होतं, आणि तरी त्या ओळीत राग कुठेच नव्हता. याचं नवल काही केल्या ओसरत नाहीये.