मासिकातल्यासारखं घर

सात रस्ता चौकात पुण्याची गाडी येईपर्यंत अण्णांनी, माझ्या वडिलांनी, माझी पिशवी खाली ठेवली नाही. आई गावी मंद्रूपलाच, घराच्या उंबऱ्यात डोळे पुसत मागे राहिली होती. मला घरसजावटीच्या मासिकात नोकरी लागली होती. गाडी आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "लोकांची घरं बघून भुलू नगं. खोली हवेशीर बघ." खोली मिळाली ती जिन्याखालची.

मासिकाची सुरुवात म्हणाल तर साधीच. संपादकबाईंनी ते काढलं तेव्हा त्यात वाळवी कशी घालवावी, एका खोलीत चार अंथरुणं कशी मावतील, असले लेख असायचे. फोटो काळेपांढरे, आणि त्यांत माणसं असायची. मी रुजू झाले तोवर कागद गुळगुळीत झाला होता आणि माणसं गेली होती. पुढे बिल्डरांच्या जाहिराती आल्या, तशा चपला, टॉवेल, औषधाच्या बाटल्याही गेल्या. फोटोआधी हे सगळं उचलून लपवायचं, हेच माझं काम. हुद्दा म्हणे स्टायलिस्ट! दिवसभर लोकांच्या सोफ्यावरच्या उशा सारख्या करायच्या आणि संध्याकाळी जिन्याखाली जायचं.

दर महिन्याचा अंक मी घरी पाठवायचे. आई फोनवर विचारायची, "हितं खरंच माणसं ऱ्हात्यात व्हय गं?" मी हसायचे. अण्णा गेले, ती एकटी पडली, तरी सणाला जाऊन मी दोन दिवसांत परत फिरायचे. रजाच तेवढी मिळायची. पण घर रोज आठवायचं. मातीचं माळवद, भिंतीतले कोनाडे, छतातल्या सवण्यातून, उजेडासाठी ठेवलेल्या त्या भोकातून, चुलीपाशी उतरणारं ऊन. करमाळ्याहून, अक्कलकोटहून नोकरीसाठी पुण्याला आलेल्या तुम्हा सगळ्यांसारखीच मीही त्या आठवणीवर दिवस ढकलत होते.

मग लोक फोनवरच घरं बघायला लागले आणि मासिकाचे दिवस भरत आले. यंदा मालकांनी सांगून टाकलं, हा अंक चालला तर ठीक, नाहीतर बंद. बाईंना मुखपृष्ठासाठी खरंखुरं जुनं घर हवं होतं. मी म्हटलं, आमचं घ्या. आईला चकित करावं म्हणून न कळवताच फोटोग्राफरला घेऊन मंद्रूप गाठलं.

आईनं दार उघडलं. कोनाडे बुजवलेले. भिंती राखाडी. सवणं झाकून पीओपीचं पांढरं छत, त्यात भरदिवसा दिवे. मागच्या सणाला मी येऊन गेल्यावर माझ्याच मासिकातलं पान गवंड्याला दाखवून आईनं सगळं करून घेतलं होतं. फोटोग्राफरनं कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. "असली घरं पुण्यात शंभर सापडतील," तो हळूच म्हणाला.

आई हौसेनं एकेक बटण दाबून दाखवत होती. "आलीस की दोन दिसांत पळतीस. म्हणलं, हितं करमत नसंल पोरीला. आता तुज्या पुस्तकातल्यावाणी केलंय की. आता ऱ्हाशील न्हवं?"

मी हो म्हणून मान हलवली आणि परसात जाऊन ढसाढसा रडले.

मासिक बंद झालं. नवी नोकरी कुठे मिळेना, जिन्याखालची खोलीही सोडायची आहे. मंद्रूपशिवाय मला जायला जागा नाही. ज्या घरासाठी इतकी वर्षं जीव तुटला, ते आईनं माझ्यासाठीच पुसून टाकलं. आता त्याच छताखाली राहायचं, आणि छान झालंय हं, असं तिला रोज सांगायचं.