‘रानडुक्कर’चा ढोलकीवाला

आमच्या बँडचं नाव ‘रानडुक्कर’. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. नाव ठेवलं आमच्या ड्रमरने, दीपेशने. त्या वर्षी डुकरांनी त्याच्या बापाची वरई पार उलथून टाकली होती. दीपेशचं म्हणणं असं, की इतक्या थोड्या वेळात इतका धिंगाणा घालणाऱ्याचं नाव बँडला शोभतं. मी अनिकेत, किन्हवलीचा. गिटार वाजवतो, गातो, आणि दीपेशचं हे असलं सगळं ऐकून घेतो.

दीपेश सिद्धगडाच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतला. मुरबाडच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर काम करतो आणि सुट्टी मिळाली की रॉक वाजवतो. मशिनच्या ठोक्यावर बोटं वाजवत बसतो म्हणून सुपरवायझरने त्याला दोनदा समज दिली आहे. हा माणूस गप्प बसलेला मी एकदाच पाहिला, ते पुढे येईलच.

त्याचा ड्रमसेट कल्याणच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा. टेम्पो रस्ता संपेपर्यंत आला, तिथून पुढे वाडीतल्या लोकांनी एकेक नग डोक्यावर घेतला. पितळी झांजा आल्या दीपेशच्या आईच्या, हिरीकाकूच्या डोक्यावर. एवढी मोठी, सपाट, चकचकीत ताटं बघून काकूचा जीव हरखला. दुसऱ्या दिवशी तिने त्यांत मिरच्या वाळत घातल्या. दीपेशने संध्याकाळी हौसेने पहिला दणका मारला आणि अर्धी वाडी शिंकत बाहेर आली. काकूचं अजूनही म्हणणं आहे की चूक दणका मारणाऱ्याची.

सरावाला आम्हाला जागा मिळाली ती माझ्या मामाच्या पोल्ट्रीत. कोंबड्यांची एक बॅच गेली की शेड धुऊन, चुना मारून काही दिवस रिकामी ठेवतात. कोंबड्या बाहेर, आम्ही आत. नवीन पिल्लं आली की पुन्हा बाहेर. त्यामुळे आमची गाणी बॅचच्या हिशेबाने तयार होतात. कोणी विचारलं, नवं गाणं कधी, तर आम्ही पिल्लांची तारीख बघतो. कोपऱ्यात भाताच्या तुसाची पोती रचलेली असतात, त्याने आवाज घुमत नाही. वासाचं विचारू नका.

दीपेशचं लग्न ड्रममुळेच झालं. शहापूरला एका कार्यक्रमानंतर भाविका नावाची मुलगी सरळ स्टेजजवळ येऊन म्हणाली, “वाजवता बरं, पन तोंडं कसली वाकडी करता!” पुढच्या वर्षी ती वहिनी झाली. आता आमचे कार्यक्रम तीच ठरवते आणि आयोजकांना तिचा फोन आला की ते उभे राहून बोलतात. त्यांची लेक तान्ही असताना बेस ड्रममधल्या उशीवर झोपायची. तिच्यासाठी आम्ही सराव थांबवायचो, आणि थांबवला की ती उठायची.

एवढं सगळं झकास चाललेलं असताना एक काटा मात्र दीपेशच्या मनात रुतलेला होता, आणि तो काटा म्हणजे त्याचा बाप.

धाकलूकाका वाडीचा ढोलकीवाला. त्याच्याआधी त्याचा बाप, त्याच्याआधी आजा. गौरीच्या नाचात ढोलकीवाला मधे उभा राहतो आणि बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती गोल धरतात. गोल एका अंगाने फिरत राहतो. मग ढोलकीवाला एक जोरकस, गडगडता ठोका देतो आणि सगळा गोल जागच्या जागी उलटा फिरतो. त्या ठोक्याला वाडीत पलटी म्हणतात. ती कधी द्यायची हे फक्त ढोलकीवाला ठरवतो. नाचणाऱ्यांत सगळ्यात पुढे हिरीकाकू. सगळी वाडी जोडीजोडीने नाचायची, काकूचा जोडीदार मात्र कायम मधे, ढोलकी गळ्यात.

काही वर्षांपूर्वी गौरीला काकाचा खांदा धरला. त्याने ढोलकी गळ्यातून काढली आणि सगळ्यांसमोर दीपेशच्या गळ्यात घातली. दीपेशचा ऊर भरून आला. त्याने डोळे मिटले आणि वाजवायला लागला.

घोटाळा इथेच झाला. रॉकमध्ये ओळ संपली की ड्रमर सगळ्या ड्रमवरून एक गडगडाट फिरवतो आणि पुढची ओळ धरतो. दीपेशच्या हातात ती सवय मुरलेली. ओळ संपली, गडगडाट. ओळ संपली, गडगडाट. नाचणाऱ्यांनी ती पलटी समजली. गोल फिरला. चार पावलं गेला नाही तोच परत पलटी. परत फिरला. परत पलटी. पुढचे मागच्यांवर आदळायला लागले, कोणाचा पाय कोणाच्या पायावर कळेना, आणि शेवटी म्हातारी भिमीआजी सरपंचाच्या मांडीवर जाऊन बसली. दीपेशचे डोळे मिटलेलेच. वाडी हसून हसून लोळत होती. मीही तिथे पाहुणा होतो, खोटं कशाला बोलू, पोट धरून हसलो.

काका हसला नाही. त्याने ढोलकी काढून घेतली. “हात चांगला हाय तुजा,” तो म्हणाला, “पन तू मानसांच्या पायांकडं बघत नाय. डोले मिटून सोतासाठी वाजवतोस. ही ढोलकी तुला देनार नाय मी. माज्यामागं पल्याडच्या वाडीचा भगीरथ वाजवील.”

दीपेश गप्प बसलेला मी पाहिला तो तेव्हा. ढोलकी वाडीतून जाणार, तीही त्याच्यामुळे, हे त्याला सहन होईना. पुढची प्रत्येक गौर काकाने दुखऱ्या खांद्याने निभावली, पण ढोलकी लेकाला दिली नाही. आमच्या कार्यक्रमालाही तो कधी आला नाही. दीपेश दर वेळी सांगायचा आणि काकाचं उत्तर ठरलेलं. “तुमच्याकडं कोन नाचत नाय. लोक नुसती उभी. मी कशाला येऊ? भिताडावानी उभा ऱ्हायाला?” दीपेश हसून सोडून द्यायचा. ते हसणं खोटं असायचं, हे आम्हा सगळ्यांना कळायचं.

गेल्या हिवाळ्यात भाविकावहिनीने म्हशाच्या जत्रेतला कार्यक्रम मिळवला. दुपारची वेळ. एका बाजूला बैलांचा बाजार, एका बाजूला घोंगड्यांची दुकानं, आकाशपाळण्याचा कर्णा, आणि मधे आमचं स्टेज. म्हशाला रॉक बँड! आयोजकांनी नावाची पाटी बघितली आणि वहिनीला विचारलं, “खेळ प्राण्यांचा आहे का?”

पहिलं गाणं झालं. माणसं बरीच जमली होती, पण हाताची घडी घालून. काहींचे मोबाइल वर, पाय सगळ्यांचे जमिनीला चिकटलेले. काकाचं म्हणणं मला पटायला लागलं.

मग आम्ही आमचं डुकराचं गाणं घेतलं. ‘आला गो आला डुकर आला, वरईचा आमच्या भुगा केला.’ या गाण्याचा ठेका दीपेशने बसवलेला. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की त्याने तो कुठल्यातरी परदेशी बँडकडून उचलला. तो गौरीच्या नाचाचा होता. मला ते कळलं ते गर्दीतून हिरीकाकू पुढे आली तेव्हा. काका-काकू आणि वाडीतले काही जण घोंगड्या घ्यायला जत्रेत आले होते. काकूने ठेका ऐकला, भिमीआजीच्या कमरेत हात घातला आणि स्टेजसमोर सरळ नाचायला लागली. वाडीतले बाकीचेही जोडले गेले.

काका नवी घोंगडी खांद्यावर टाकून बाजूला उभा होता, कपाळाला आठ्या. काकूने फिरता फिरता त्याचा हात धरून त्याला ओढलं. तो काहीतरी पुटपुटला, घोंगडी दुसऱ्याच्या हातात दिली आणि गोलात शिरला.

मी वळून दीपेशकडे पाहिलं. गड्याचे डोळे मिटलेले! ओळ संपत आलेली आणि आता तो सवयीने गडगडाट करणार. मी माइकवरच ओरडलो, “दीप्या, डोळे उघड!” ते सगळ्या जत्रेने ऐकलं. बैलबाजारातली माणसंसुद्धा वळली.

दीपेशने डोळे उघडले. समोर गोल, गोलात आई, आणि आईच्या बाजूला बाप. ओळ संपली. त्याच्या काठ्या वर गेल्या होत्या. त्या तशाच थांबल्या. त्याने नुसता ठेका चालू ठेवला. पुढची ओळ संपली, तरी नाही. तो मान पुढे काढून पायांकडे बघत होता. भिमीआजीचं एक पाऊल मागे पडत होतं. त्याने ठेका किंचित सैल केला. आजी पावलात आली. आता काकाने मान वर करून स्टेजकडे पाहिलं. अख्खा जन्म ज्याने पलटी दिली, तो आता पलटीची वाट बघत होता.

दीपेशने दिली. एकच, मोठ्या ड्रमवर, छातीत घुमेल अशी. गोल जागच्या जागी फिरला. एकाचा धक्का दुसऱ्याला लागला नाही. काकाही फिरला.

त्यानंतर गाणं संपायचं नाव घेईना. बघणारे गोलात शिरले, एका गोलाचे दोन झाले, एक बैलवाला बैल सोडून आला. माझी कडवी संपली. मी तीच परत म्हटली, मग मनाची जोडली. डुकराने वरईनंतर नाचणी खाल्ली, भुईमूग खाल्ला, शेवटी माझ्या मामाची पोल्ट्रीही खाल्ली. दीपेशचं तोंड अगदी सरळ होतं, डोळे टक्क उघडे, आणि ते भरून वाहत होते. वाजवता वाजवता पुसायचे कसे?

कार्यक्रम संपल्यावर काका मागच्या बाजूला आला. ड्रमभोवती एक फेरी मारली, कातडं बोटांनी वाजवून पाहिलं, स्टूल हलवून पाहिलं. “बसून वाजवतोस व्हय,” तो म्हणाला, “सोपा हाय मग.” वहिनीने चहा पुढे केला. काकाने चहा संपवला, कप ठेवला, आणि घोंगडी खांद्यावर नीट घेत म्हणाला, “गौरीला कंपनीत सुट्टी टाक. खांदा नाय चालत आता माजा.”

दीपेश जोरजोरात मान हलवत राहिला.

“टाकच,” हिरीकाकू म्हणाली. ती घामाघूम झाली होती आणि तिचं हसू आवरत नव्हतं. “लगीन झाल्यापासून ह्यो मधी नि मी भायेर. आज पयल्यांदा माज्या बाजूला नाचला. आता नाय सोडायची मी त्याला.”